गुलाबभाऊंचा होकार

“चुकली,” गुलाबभाऊ म्हणाले.

नूतनचा हात इलेक्ट्रिक गिटारवरच थांबला. कॉर्ड बदलली होती आणि तिचं बोट अजून आधीच्याच कॉर्डमध्ये घुटमळत होतं. भाऊंचं म्हणणं नेहमीसारखंच बरोबर होतं, म्हणून तिला जास्तच राग आला.

“भाऊ, स्केल शिकवा ना आता. सारे स्केलवरच लीड वाजवतेत. मी हे तीन तीन सूर कुठवर घोटू?”

भाऊंची नजर तिच्या बोटांवरून हलली नाही. “जीची कॉर्ड झाली का सीची येते. सीचे तीन सूर म्हणजे सीचं घर. मधात कुठीबी फिर, पण कॉर्ड बदलली का घरी ये. वाजव.”

प्रश्नाला उत्तर द्यायची या माणसाला सवयच नव्हती.

ब्रह्मपुरीच्या भीमगीत पार्टीत नूतन साथीला कॉर्ड वाजवायची. लीड, म्हणजे गाण्यामधली मुख्य सुरावट, वाजवणारा निकेश सूरजागडच्या खाणीत कामाला लागला आणि त्याची जागा रिकामी झाली. जयंतीचा कार्यक्रम तोंडावर आलेला. पार्टी चालवणाऱ्या नागसेनने तिला साफ सांगितलं होतं, “गुलाबभाऊनं हो म्हटलं तं तू. नाई तं नागपूरचा पोरगा बोलावतो. भाऊचा कान म्हणजे कान!”

सारी उमर स्टेजवर भल्यामोठ्या स्पीकरला खेटून वाजवत आलेला माणूस. त्यांच्या शब्दापुढे कोण बोलणार? आज संध्याकाळी नागसेन तो शब्द घ्यायला येणार होता.

त्या होकारासाठीच नूतन भाऊंच्या घरी शिकायला येत होती. रोज ती फाटकातून हाका मारी, आतून ओ नाही. मग भाऊंची बायको ठमाबाई बाहेर येई, तिला आत घेई आणि नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवी. भाऊ कुलरच्या अगदी तोंडाशी बसलेले असत, पण त्या घरघरीनेही त्यांची तंद्री मोडत नसे. मोठे कलाकार ना, असं म्हणून नूतन मनातल्या मनात चरफडे.

त्यांची गिटार रोज थोडी सुरातून उतरलेली असायची. आपली परीक्षा घ्यायलाच ते मुद्दाम उतरवून ठेवतात, हे तिने पहिल्याच आठवड्यात ताडलं होतं. ती मुकाट्याने आपली गिटार त्यांच्या गिटारीशी जुळवून घेई.

आणि निघताना रोज एकच वाक्य. “आवाज थोडा कमी ठेव.” तिने आपल्या गिटारीच्या स्पीकरचा आवाज कमी करत करत पार तळाला आणला होता, तरी तेच. दाद म्हणून काही नाहीच. एका “वा”साठी तिचा जीव टांगणीला लागला होता.

“पुन्हा,” भाऊ म्हणाले आणि आपल्या जुन्या लाकडी गिटारीवर कॉर्ड धरू लागले.

नूतन सुरू झाली. जीच्या घरातून निघाली, जराशी भटकली आणि कॉर्ड बदलताच सीच्या घरात येऊन टेकली. डीला वर चढली, परत फिरली. पुढचं घर कुठलं, हे तिला आठवावं लागत नव्हतं. बोटंच आधी पोचत होती. इतके दिवस अंगात भरलेली ती तगमग आता हातातून वाहत होती.

तेवढ्यात कुलर घरघरत थांबला. वीज गेली होती. तिच्या स्पीकरवरचा लाल दिवाही विझला आणि तिच्या तारांची नुसती टिकटिक उरली.

आता थांबवतील, म्हणून तिने वर पाहिलं. भाऊ वाजवतच होते. डोळे तिच्या बोटांवर, मान हलत होती. तिला थांबवेना. ती तशीच वाजवत राहिली. शेवटी तिचं बोट जीच्या घरात येऊन थांबलं.

“वा!” भाऊंचे डोळे भरून आले. “आता आलं तुले. काय गोड आवाज काढला, पोरी! मी सांगतो नागसेनले.”

दारात उभ्या असलेल्या ठमाबाईने नूतनकडे पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं आणि हात जोडले.

“फक्त,” भाऊ म्हणाले, “आवाज थोडा कमी ठेव.”