संध्याकाळचं माप

“मान उचलू नकोस! गेला बघ एक मिलिमीटर,” रंगराव पुढच्या सीटवरून ओरडले.

व्हॅनच्या मागच्या सीट काढून तिथं गादी टाकली होती आणि गादीवर अभिनव सरळसोट आडवा होता. सिग्नलला थांबलेले लोक काचेतून डोकावत आणि गंभीर होत. टिळक रोडवर एका म्हातारबुवांनी तर टोपी काढून हात जोडले.

“आजोबा, उठून बसू का? लोक नमस्कार करतायत.”

“करू देत. माझ्या नातीशी लग्न करायचंय ना? मग पडून राहा.”

रंगरावांची उभी हयात पिंपरीच्या एका कारखान्यात मोजमापं तपासण्यात गेली होती. केसाची जाडी ते नुसत्या चिमटीत सांगत, आणि डाव्या चिमटीत किती चूक येते तेही वर सांगत. त्यांची नात श्रद्धा आणि हा अभिनव एकाच कंपनीत होते. दोन हजार साल उजाडल्यावर कॉम्प्युटरांना वेड लागू नये म्हणून दोघं दिवसभर तारखा दुरुस्त करत. दुरुस्त करता करता जमलं. पत्रिका जुळली, पगार जुळले, आणि मुलाच्या आईचा, मालनबाईंचा निरोप आला: आधी दोघांची उंची मोजू, मग पुढचं बोलू.

कशासाठी, हे कोणीच विचारलं नाही. विचारायचंय काय त्यात? नवरीपेक्षा बुटका नवरा कुठल्या मांडवात खपतो? रंगरावांनी दोघांना गुपचूप भिंतीशी उभं करून मोजलं. श्रद्धा एक सेंटिमीटरनं जास्त भरली.

“एका सेंटिमीटरसाठी लग्न मोडायचं?” श्रद्धाचे डोळे भरले.

“मोडतंय कशाला! माणूस म्हणजे पोलादी पट्टी नव्हे. रात्रभर झोपला की मणके सैल होतात, सकाळी तो लांब असतो. दिवसभर उभा राहिला की दबतो. माप संध्याकाळी आहे ना? त्याला झोपवू, तुला दाबू.”

म्हणून आज ऑफिसला जातो सांगून निघालेला अभिनव दिवसभर रंगरावांच्या पलंगावर पडून होता. आणि श्रद्धा मार्केट यार्डात, ओळखीच्या गाळ्यावर, कांद्याची पाटी डोक्यावर घेऊन सकाळपासून फेऱ्या मारत होती. हमाल बिड्या विझवून बघत राहिले होते.

अभिनवच्या घरी मालनबाई स्वयंपाकघराच्या दाराशी वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या. गुडघ्यांना पट्टे होते. “उठत नाही हं, राग मानू नका,” त्या म्हणाल्या. पाणी त्यांच्या यजमानांनी, बापूरावांनी आणलं. श्रद्धा आधीच येऊन बसली होती. तिच्या ओढणीला कांद्याचा वास होता आणि मान खांद्यात गेली होती.

रंगरावांनी टेप काढली. डोक्यावर काटकोनी गुण्या ठेवून प्रत्येकाला तीन-तीनदा मोजलं.

“तीनदा मोजून उंची वाढते वाटतं?” बापूराव म्हणाले.

“उंची वाढत नाही, आपली चूक कळते. एकदा मोजतो तो शिंपी.”

रंगरावांनी सरासरी काढली, चष्मा पुसला आणि छाती फुगवली.

“मुलगा एकशे सत्तर पूर्णांक सहा. मुलगी एकशे सत्तर पूर्णांक दोन. माझ्या मापात चूक फार तर एका मिलिमीटरची. तेव्हा खाली धरा, वर धरा, मुलगा उंच!”

त्यांनी टेप झेंड्यासारखी वर धरली. बापूरावांनी पेढ्यांचा पुडा फोडला. अभिनवनं श्रद्धाकडे बघितलं आणि ती त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

मालनबाईंचा चेहरा मात्र उतरला. “नक्की ना? पुन्हा बघा हो एकदा.”

“ताई, काळ्या दगडावरची रेघ!”

“म्हणजे ही तर याच्याहून बुटकी निघाली.”

खुर्चीचे हात धरून त्या उठल्या. उठल्या, आणि उठतच राहिल्या. थांबल्या तेव्हा बापूरावांचं डोकं त्यांच्या खांद्याशी होतं आणि अभिनवचं कानाशी.

“या घरात माळ्यापर्यंत हात पोचणारी मी एकटी,” त्या म्हणाल्या, “आणि माझे तर गुडघे गेले. म्हटलं, सून तरी याच्याहून उंच बघावी. म्हणून तर मोजायला लावलं.”

रंगरावांच्या हातातली टेप सर्रकन आत गेली.

श्रद्धा उठली. तिनं मान सरळ केली. मणके कडाकड वाजले. मालनबाईंच्या शेजारून ती स्वयंपाकघरात गेली, टाचा जमिनीवरच ठेवून तिनं हात वर केला आणि माळ्यावरचं सगळ्यात मोठं पातेलं अलगद खाली काढलं.

“चहा यातच टाकू ना, आई?” तिनं विचारलं. “माणसं बरीच आहेत.”