देवासचं ऑफिस

तराफा डोलला तशी अपूर्वाने हातातला पाना सोडला आणि दोन्ही हातांनी कठडा धरला. पाना घरंगळत तुकडीप्रमुख धीरजच्या बुटाशी जाऊन थांबला. त्याने तो उचलून तिला दिला. महिनाभर हेच चालू होतं.

पुढे समुद्रात उभ्या करायच्या तरंगत्या पवनचक्कीचा लहान नमुना कंपनी आधी निसरपूरजवळ, नर्मदेवरच्या धरणाच्या फुगवट्यात, या तराफ्यावर तपासून पाहत होती. नांगर पडले होते, पाती चढली होती. आज केबल जोडून वीज काठावरच्या उपकेंद्रात पोचली की काम फत्ते. पण वारंही नेमकं आजच पिसाळलं होतं.

अपूर्वाला पाण्याची भीती होतीच, त्याहून मोठी भीती आईची. याच नदीत नाव उलटून तिचे बाबा, कृष्णराव, गेले. तेव्हापासून सुमंगलाबाईंनी नदीचं तोंड पाहिलं नव्हतं. धारच्या घरात बादलीवरसुद्धा झाकण असायचं. नावेत पाय ठेवणार नाहीस, अशी कुलदेवीची शपथ त्यांनी लेकीला घातली होती. म्हणून अपूर्वाने थाप मारली, मी देवासच्या ऑफिसात बसते. आईला कळलं तर ती हाय खाईल, या धास्तीने तिची झोप उडाली होती.

जेवणाचे मात्र लाड होते. गावात नवीनच निघालेल्या मेसमधून मोनू नावाडी दुपारी डबे आणायचा. इतरांना झणझणीत शेवभाजी, हिला बिनलसणाची आमटी आणि मऊ पोळी. चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी. डब्यांवर कोरलेली नावं कानशीने घासून काढलेली होती. बाईंनी जुन्या बाजारातून उचललेले दिसतात, असं धीरज म्हणायचा. कुणी मराठी बाई असणार, असं समजून अपूर्वा खुशाल जेवायची.

केबलचं टोक बसतंय तोच फोन वाजला. आई.

"जेवलीस का गं?"

"अजून नाही. मीटिंग चालू आहे."

"आणि हा आवाज कसला?"

"एसीचा. बिघडलाय. तुझ्याकडे कसला येतोय?"

"इथंही सुटलंय वारं. आज डब्याला उशीर होईल. पण उपाशी राहू नकोस."

तेवढ्यात लाट आली आणि फोन खिशात गेला.

थोड्या वेळाने वायरलेसवर निरोप आला, वीज पोचली. कुणी टाळी वाजवली नाही. एका नांगराची साखळी सैल झाली होती आणि तराफा एका अंगाला कलत चालला होता. धीरजने सगळ्यांना उतरायला सांगितलं, पण उतरणार कशात? एकही नावाडी यायला तयार नव्हता. अपूर्वा रडत रडत शपथ मोडल्याची देवीकडे माफी मागू लागली.

मग लाटांमधून एक नाव वर आली. मोनूने दोर फेकला. तो धापा टाकत होता.

"दीदी, मैं तो ना बोल दिया था. पर मेसवाली बाई नी मानी, जिद पे अड़ गई. खुद ही नाव में बैठ गई."

अपूर्वाने कठड्यावरून वाकून पाहिलं. नावेच्या मधोमध, डबा पोटाशी धरून, डोळे गच्च मिटून आई बसली होती.