दोन खांब कमी

"बेस झालंय," रखमा म्हणाली.

धोंडिबाने आपण विणलेला रुमाल पुन्हा तिच्या डोळ्यांसमोर धरला. खिडकीच्या उजेडात धरला, मग ट्यूबलाइटखाली धरला. पाचव्या ओळीत दोन खांब, म्हणजे उभे टाके, गाळलेले होते. चुकून नव्हे. सकाळी चहा पिऊन, नीट विचार करून त्यानेच गाळलेले होते. क्रोशाच्या गोल रुमालात खांब कमी पडले की तो सपाट बसत नाही, वाटीसारखा वर वळतो. हा तर आमटी वाढावी इतका वळला होता.

"नीट बघ की जरा."

"बघितलं. बेस आहे."

बायकोने कामाला नावं ठेवली नाहीत म्हणून हादरलेला नवरा अख्ख्या कुळगावात हा एकच असावा.

रखमाला अर्धांगवायूचा झटका आला त्याला दोन वर्षं झाली. उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्याआधी चाळीस वर्षं तिच्या हातातला क्रोशा थांबला नव्हता. घरात टीव्हीला झालर होती, मिक्सरला टोपी होती, गॅसच्या सिलिंडरलासुद्धा परकर होता. तीच रखमा आता छताकडे बघत पडून असायची. डॉक्टर म्हणाले, बोलतं ठेवा. धोंडिबाने बोलून बोलून घसा बसवून घेतला. पाणी किती वाजता आलं, सोसायटीत कोण कुणाशी भांडलं, कोण वारलं, सगळं सांगितलं. सहा महिने उत्तर आलं नाही.

एका दुपारी काही सुचेना म्हणून त्याने तिचं अर्धवट राहिलेलं विणकाम हातात घेतलं. अंबरनाथच्या कारखान्यात तीस वर्षं लेथ चालवलेला माणूस. लोखंड ऐकतं, तर दोरा कुठे जातोय, असा त्याचा हिशोब. दहा मिनिटांनी खाटेवरून आवाज आला.

"उसवा."

सहा महिन्यांतला तो पहिला शब्द. दुसरा कुणी असता तर रडला असता. धोंडिबाने मुकाट्याने उसवलं.

तेव्हापासून ती एकेक टाका शिकवत गेली. साखळी, मुका खांब, खांब. एका वेळी एकच शब्द निघायचा. सैल. मोजा. उसवा. महिन्याभराने "हात आहेत का फावडी?" असं अख्खं वाक्य आलं, तेव्हा धोंडिबा ते शेजारच्या बनूबाईंना सांगून आला. बनूबाईंना त्यात आनंदाचं काय ते कळलं नाही.

पंचाईत पुढेच झाली. धोंडिबा शिकला. लेथवरचा हात तो, चौथ्या महिन्यात त्याचे टाके चुकायचे बंद झाले. तीन दिवस रखमा एक शब्द बोलली नाही. नजर पुन्हा छताला लागली. चौथ्या दिवशी त्याने जिवावर उदार होऊन एक खांब गाळला.

"उसवा," ती म्हणाली. "डोळे कुठे होते?"

मग नियमच झाला. सकाळी बीपीची गोळी, दुपारी एक चूक. सोपं नव्हतं ते. तीस वर्षं ज्याने केसाएवढा फरक चालवून घेतला नाही, त्याने रोज जाणूनबुजून काम बिघडवायचं. बोटं शिवशिवायची. ती दुपारी झोपली की तो स्वयंपाकघरात पाटावर बसून एक गोल अगदी बिनचूक विणायचा, डोळे भरून बघायचा, आणि ती जागी व्हायच्या आत स्वतःच उसवून टाकायचा.

आणि आता हे "बेस झालंय". दुसऱ्या दिवशी त्याने सातव्या ओळीत आणखी तीन खांब गाळले. उत्तर तेच. बेस झालंय. डॉक्टरांनी बजावलं होतं, दुसरा झटका आवाज न करताही येईल. माणूस दिसायला तसाच राहतो, फक्त ओळख हरवत जाते.

तिसऱ्या दिवशी तो उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये मुकेशच्या दोऱ्यांच्या दुकानात गेला. पांढऱ्या दोऱ्यात तिला चूक दिसत नसेल, लाल दोरा घ्यावा, एवढीच आशा होती. मुकेशने पिशवीतला रुमाल उचलला आणि कडेवर नुसता अंगठा फिरवला.

"काका, हे तर बिघडलंय. चाचीने देखा नहीं?"

"देखा."

"फिर?"

"बोली, बेस है."

मुकेश लाल दोऱ्याचा गुंडा कागदात बांधायला लागला. कागदात तो कधीच काही बांधत नसे.

घरी आल्यावर धोंडिबाने दोरा काढलाच नाही. खाटेच्या कडेवर बसला. रुमाल तिच्या छातीवर ठेवला.

"रखमा, एकदा उसवा म्हण. शिव्या दे, काहीही म्हण."

तिचा डावा हात हळूहळू सरकत आला. एक बोट रुमालाच्या मधोमध टेकलं आणि बाहेर बाहेर जात राहिलं. पाचव्या ओळीत थांबलं.

"इथे दोन," ती म्हणाली. बोट पुढे गेलं. "इथे तीन."

धोंडिबा हसायलाच लागला.

"वर्ष झालं," ती म्हणाली. एकेक शब्द ओढून आणावा लागत होता. "मुद्दाम गाळताय."

त्याचं हसू तोंडातच राहिलं.

"मग तीन दिवस बेस का म्हणतेस?"

रखमाने डाव्या हाताने रुमाल त्याच्याकडे सारला.

"आता बरोबर विणायची सवय करा," ती म्हणाली. "मी गेल्यावर कुणासाठी चुकणार?"