पहिली खाच

लोणावळ्यातल्या कंपाउंडरच्या वर्गात सरांनी लुटुपुटूचा दवाखाना मांडला: बाटल्यांत रंगीत पाणी, रोगी म्हणून जवळच्या भाजे गावातल्या वीस बायका. त्यांना सांगितलं होतं, "घरी करता तसंच करा." रोज आमच्यातला एक दवाखान्याचा प्रमुख; अर्ध्या तासात जो जास्त रोगी उरकेल तो जिंकणार. काल प्रमुख महिपती तेवढ्या वेळात विसांना औषध वाटून मोकळा झाला. आज प्रमुख मी. पहिलीच बाटली रोगी झालेल्या भागूमावशींनी उभ्याउभ्या रिकामी केली. "समदं एकदम घेतलं म्हंजी ताप लौकर उतरतो!" मी औषध द्यायची खिडकी बंद केली. हाताखालचे दोघे ओरडले, "नंदा, हरशील!" त्यांना बायकांसमोर बसवलं. बाटलीवरच्या कागदी पट्टीची एकेक खाच म्हणजे एकेक डोस, हे प्रत्येकीला बोट ठेवायला लावून वदवलं. घंटा झाली. फळ्यावर महिपतीचे २०, माझे ९. सरांनी बायकांना विचारलं, "कालच्या बाटल्या?" "दारातच पिऊन टाकल्या की!" "आणि आजच्या?" नऊ बोटं पहिल्या खाचेवर टेकली. सरांनी विसातला '२' पुसला.