मित्राच्या स्वारीची रंगीत तालीम

“गावाने एक माणूस आमच्या ताब्यात द्यायचा,” सत्यशीला मॅडम ध्वनिक्षेपकावरून म्हणाल्या. “कोण, ते तुम्हीच ठरवा. नाही दिला, तर पाणी बंद.”

शाळेच्या मैदानावर बसलेले गाव हसले. मॅडमही किंचित हसल्या. शत्रूची वर्दी चढवलेले होमगार्डचे जवान तेवढे गंभीर राहिले. त्यांना तशी सूचना होती.

देवगाव रंगारीच्या पुढच्या त्या लहानशा गावात सराव सकाळीच सुरू झाला होता. शत्रू कसा येतो हे देशाला तोंडपाठ आहे, पण मित्र उलटला तर काय, याची परीक्षा कधी झालेली नाही, असा शोध दिल्लीत लागला होता. म्हणून एक मित्रराष्ट्र कल्पिले गेले. सौजन्यापोटी त्याला नाव दिलेले नव्हते. त्याचे सैन्य संयुक्त कवायतीसाठी पाहुणे म्हणून आले, जेवले आणि परत गेलेच नाही, एवढे गृहीत धरायचे होते. छत्रपती संभाजीनगरहून आलेल्या मॅडम या सैन्याच्या सेनापती. एरवी त्या समाजशास्त्र शिकवत. गाव माणूस देणार नाही, असे त्यांनी धरूनच ठेवले होते. नकारानंतरचे दबावाचे टप्पे त्यांनी मेहनतीने रचले होते: आधी पाणी, मग वीज, मग रेशनचे दुकान.

त्यातला एकही वापरावा लागला नाही.

“सांडूला न्या,” सरपंच इंद्रजीतराव बसल्या जागेवरून म्हणाले.

सांडू त्यांचा मित्र होता. चारचौघांत खांद्यावर हात ठेवून ते त्याला मैतर म्हणत. कांदा निघाला की सांडूची मेंढरे त्यांच्या रानात रात्री बसत. रानाला खत मिळे. सांडूला धान्य आणि गायरानाच्या कडेला घरापुरती जागा. त्या जागेसाठी त्याने वाडवडिलांची भटकंती सोडली होती. त्या जागेमुळेच त्याची पोरगी सायली दहावीपर्यंत पोचली होती. जागेला आधार मात्र कागदाचा नव्हता. सरपंचांचा शब्द आणि गावाची मर्जी, एवढाच होता.

“मलाच का, मालक?” सांडूने हसत विचारले.

“तुला काय फरक पडतो रं? राज कोनाचंबी येऊ दे, तू मेंढरामागंच.”

“आन् मी गेल्यावर मेंढरं?”

“ती माझ्या रानात ठिवून जा. लई दिवस बसली नायत.”

हशा थांबेपर्यंत जवानांनी सांडूचे हात बांधले आणि त्याच्याच पटक्याने डोळे झाकले. मॅडमना नियमाप्रमाणे खात्री करायची होती.

“हा सरपंचांचा निर्णय की गावाचा? हात वर करा. लहानमोठे, सगळे.”

सांडूला फक्त बांगड्या ऐकू आल्या.

शाळेमागे नेऊन जवानांनी त्याला सोडले, चहा दिला. चहा गोड होता. गावाने हात वर केले याचे त्याला नवल वाटले नाही. गाव सरपंचांच्या मागे जाते, त्यात नवे काय. बायकोचे आणि पोरीचे हात मांडीवरच राहिले असणार, असे त्यानेही धरून ठेवले होते.

दुपारी शिट्टी झाली आणि मॅडमनी निष्कर्ष सांगितला. आधीच्या गावात लोक दिवस मावळेपर्यंत भांडत बसले, कुणाचेच नाव पुढे येईना, त्यामुळे त्या गावाची सज्जता कच्ची ठरली. इथला निर्णय जलद होता. शांततेत झाला होता.

“आणि एकमताने. एकही हात खाली राहिला नाही. अशी एकजूट मी पुस्तकातही वाचलेली नाही.”

हे त्या कौतुकाने म्हणाल्या की अन्य कशाने, हे गावाला कळले नाही. मूल्यमापनाच्या पद्धतीत त्या फरकाला जागा नव्हती. टाळ्या पडल्या. सांडूनेही वाजवल्या, मधेच त्याचे हात थबकले, पण तेवढ्यात खांद्यावर इंद्रजीतरावांचा हात आला.

“काय मैतरा, राग नाय ना?”

“राग कशाचा, मालक. खेळ व्हता.”

“मग आज वरच्या रानात आन मेंढरं.”

“व्हय.”

तो घरी आला तेव्हा त्याची बायको चतुराबाई भाकरीचे पीठ मळत होती. सायली भिंतीकडे तोंड करून बसली होती. बापाची चाहूल लागूनही ती वळली नाही.

“एकबी हात खाली नव्हता म्हनं,” सांडू म्हणाला.

चतुराबाई मळत राहिली.

“तू केला वर?”

“केला.”

त्याने पटका सोडून खुंटीला अडकवला. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, “बरं केलंस. खेळच व्हता त्यो. सरपंचाचं ध्यान आसंल तुझ्याकडं.”

“समद्यांचंच व्हतं. तुमाला बांधल्यावर समदे आमच्याकडंच बघाय लागले. आता फुडलं कोन, म्हनून.”

“आन् पोरीनं?”

चतुराबाईचे हात परातीत थांबले.

“ती करीना. मग मीच तिचं मनगट धरलं, आन् समद्यांना दिसंल आसा वर केला.”