आलेखातली उडी

"घे की निवेदिता, पेढे तुझ्याच शोधाचे आहेत," म्हणत सरांनी खोका पुढे केला. तिने पेढा उचलला, पण तोंडात घालवेना.

एकमेकांत गुंतलेल्या अणूंना तालावर झटके देत राहिलं, की एका विशिष्ट तालाला ते सगळे एकदम उडी मारल्यासारखी अवस्था बदलतात, असा तिचा दावा होता. ती उडी तिच्या संगणकावरच्या आलेखात दिसली होती, आणि शोधनिबंध आजच जाणार होता. "गणितातली वेळेची पावलं आणखी बारीक करून बघ, उडी टिकते का," असं सहकारी श्रीरंगने सुचवलं, तेव्हा ती सगळ्यांदेखत म्हणाली होती, "स्वतःचं काही निघेना, की दुसऱ्याचं पोखरायचं!"

आज सकाळी तिने गुपचूप पावलं बारीक केली. उडी गेली, रेघ सपाट झाली. अणूंनी काहीच केलं नव्हतं; चूक तिच्या ढोबळ गणिताची होती.

"अभिनंदन गं," श्रीरंगने हात पुढे केला. "मीच उगाच शंका काढली."

तिचे कान तापले. "सर, निबंध पाठवू नका. उडी खोटी आहे. श्रीरंगचं बरोबर होतं."

"कधी कळलं?" सरांनी विचारलं.

"खोका उघडायच्या आधी," ती हातातल्या पेढ्याकडे बघत म्हणाली.