वाफेला वाट

तंबूचा पडदा वर केला तशी गरम वाफ सुमेधाबाईंच्या चष्म्यावर आली. चष्मा पुसून त्यांनी आत पाहिलं. आत पसरलेला, बारीक कोळंबीसारखा जवळा सुकला नव्हता. शिजला होता.

दमयंतीने मूठभर उचलला, हुंगला आणि म्हणाली, "मॅडम, ह्याला कांदा-मसाला लावला का जेवायलाच बसायचं."

दिवाळे गावच्या जेट्टीजवळ, कोळणींच्या मासळी वाळवायच्या ओट्यावर, बांबू आणि पारदर्शक प्लास्टिकचा हा तंबू बाईंनी स्वतः उभा केला होता. ऐन मार्चमध्ये पाऊस यायला लागल्यापासून बायकांचा निम्मा माल उघड्यावर कुजत होता. दमयंतीने आज भरवशावर तीन पाट्या जवळा दिला. त्यातली एक गेली. उरलेल्या दोन गेल्या तर प्लास्टिक काढून दादूच्या होडीवर घालायचं, हे सकाळीच ठरलं होतं. दादू म्हणजे तिचा नवरा. त्याने मापही घेऊन ठेवलं होतं.

"पन तुमी आदी करून बगितलंवतं ना?" दमयंतीने विचारलं.

"बघितलं होतं हो. जुईनगरला, गच्चीवर." बाई अडखळल्या. "कुरडया एका दिवसात कडक झाल्या."

शेजारच्या ओट्यावर वैशाली आपला जवळा उन्हात पसरत होती. ती एवढं हसली, की तिला खाली बसावं लागलं. "कुरडया! आगो बाय, कुरडईत पानी ते कितीसं? जवल्याच्या पोटात आख्खी खाडी असते!"

बाईंचा चेहरा पडला. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, जन्मात मासळीला हात लावला नाही, आणि निघाल्या कोळणींना शहाणपण शिकवायला. पोथीतली वांगी पोथीतच बरी. मुकाट्याने प्लास्टिक सोडावं आणि घरी जावं, असं त्यांना मनापासून वाटलं. गाठ सोडायला त्यांनी हात वर केला, तर छताला आतून थेंबच थेंब चिकटलेले दिसले.

त्यांचा हात तिथेच थांबला.

"वाफ," त्या म्हणाल्या. "दमयंतीताई, ऊन आत आलं, उष्णता अडकली, पाण्याची वाफ झाली. आणि ती वाफही उष्णता अडवत बसली. मी दरवर्षी हे फळ्यावर लिहायचे. दोन मार्कांचा प्रश्न असायचा."

"मंग वाफेला वाट द्या की. भाताच्या टोपावरचं झाकन आपन कलतं करतो ना?"

"छताला वरच्या बाजूला भोक पाडू?"

"येकानं काय व्हनार?" दमयंतीने कमरेची कोयती काढली. "दुपारचा वारा खाडीवरनं येतो. खाडीच्या अंगाला खाली तोंड पाडायचं, गावाच्या अंगाला वर. खालनं घुसंल, वरनं जाईल."

तिने खसाखसा दोन तोंडं पाडली आणि मांजरी शिरू नयेत म्हणून त्यांवर जुन्या जाळ्याचे तुकडे बांधले. उरलेला जवळा आत पातळ पसरला. मग दोघी ओट्याच्या कडेला बसल्या. आता वाट बघण्यावाचून काम नव्हतं.

"तुमी म्हनता ती दुनिया तापते, ती बी आशीच?"

"अगदी अशीच नाही. वर प्लास्टिक नाही, हवाच आहे. कोळसा, पेट्रोल जाळून आपण तिच्यात जो वायू सोडतो, तो जमिनीची उष्णता अडवतो. हवा तापली की वाफ वाढते, आणि वाफ आणखी अडवते. तुमच्या ओट्यावर मार्चमध्ये पाऊस येतो, त्यातही त्याचा वाटा असणार."

"म्हंजे तितं कोयती नाय चालायची."

"नाही चालायची. तिथे जाळणं कमी करायचं, दुसरा उपाय नाही."

"जमंल?"

वर्गात बाईंनी या प्रश्नाला नेहमी ठणठणीत "हो" म्हटलं होतं आणि घरी येताना त्यांना स्वतःचीच लाज वाटायची. आज त्यांनी तसं केलं नाही. "कठीण आहे," त्या म्हणाल्या, "पण जमेल. मला खरंच तसं वाटतं."

चारच्या सुमाराला दमयंतीने आत हात घातला. जवळा तिच्या मुठीतून खसखस वाजत खाली सांडला. तिने एक दाणा दाताखाली चावला आणि दुसरा बाईंच्या तळहातावर ठेवला. बाईंनी तो चष्म्याजवळ धरून पाहिला. खाण्याइतकी त्यांची प्रगती झाली नव्हती.

तेवढ्यात घारापुरीच्या बाजूने आभाळ काळवंडलं आणि टपोरे थेंब ओट्यावर पडले. वैशाली ओरडतच पसरलेल्या जवळ्याकडे धावली. दोन हात कुठवर पुरणार?

"वैशाले, हिकडं आन गो!" दमयंतीने तंबूचा पडदा वर धरला.

तिघींनी मिळून जवळा भराभरा पाट्यांत गोळा केला आणि पाट्या आत ओढल्या. बाईंचे हात जवळ्यात कोपरापर्यंत माखले, तरी त्या पसरतच राहिल्या. पडदा खाली सोडून, दोन्ही तोंडांवर फडकी टाकून पाहतात तो वैशाली आत नव्हती. ती भर पावसात आपल्या ओट्यावर टाचेला पाऊल लावत सरळ रेषेत चालत होती.

"भिजशील ना गो! काय करतेस तितं?"

"थांब, मोजनी मोडू नको." वैशाली टोकाला पोचली आणि तोंडावरचं पाणी निपटत वळली. "मॅडम, बावीस पावलं भरली. तुमचा तंबू बसंल ना ह्याच्यात?"